मेलेलं माणूस दारात उभं राहतं तेव्हा

नमस्कार श्रोतेहो. आज मी तुमच्याशी व्हॅम्पायरबद्दल बोलणार आहे. मेल्यावर थडग्यातून उठणारं आणि जिवंत माणसांच्या रक्तावर टिकून राहणारं युरोपातलं ते पिशाच्च. जळगाव-भुसावळच्या उन्हात त्या थंड मुलखातल्या भुताचं काय एवढं, असं कुणी विचारेल. पण या कथा मला मनापासून आवडतात, आणि दोनशे वर्षं त्या का टिकल्या याचं एक कारण मला दिसतं. ते सांगते.

आपल्याकडे भुतांना तोटा नाही. उन्हाळ्यात घराच्या धाब्यावर अंथरुणं पडली की मुंजा, हडळ, खवीस सगळे गप्पांत हजर होतात. पण आपली बरीच भुतं जागेला बांधलेली असतात. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीपाशी. रात्री त्या वाटेला गेलं नाही की निम्मी भीती सरते. व्हॅम्पायर मात्र घरी येतो. आणि जुन्या लोकसमजुतीत तो सगळ्यांत आधी स्वतःच्याच घरी येतो, बायकोकडे, भावाकडे, लेकरांकडे.

असं लोकांना का वाटलं असेल? 1732 साली ऑस्ट्रियन लष्करातल्या एका शल्यचिकित्सकाने सर्बियातल्या एका खेड्याचा अहवाल लिहिला. तिथे माणसं पाठोपाठ मरत होती आणि गावाने त्याचं खापर आधी मेलेल्यांवर फोडलं होतं. थडगी उकरली तर काही प्रेतं फुगलेली, तोंडाशी रक्त, नखं वाढल्यासारखी. आज आपल्याला ठाऊक आहे की प्रेत कुजताना आत वायू साठतो, त्याच्या दाबाने रक्तासारखा द्रव तोंडावाटे येतो, कातडी आक्रसते आणि नखं लांब दिसतात. त्या गावाला एवढंच दिसलं, की मेलेला धष्टपुष्ट झालाय आणि घरातले वाळून चाललेत. पुढे 1755 मध्ये सम्राज्ञी मारिया थेरेसाने आपला वैद्य गेरार्ड फान स्वीटेन याच्याकडून या प्रकारांची शहानिशा करवली आणि थडगी उकरायला बंदी घातली.

दुसरी हकीकत अमेरिकेतली, ऱ्होड आयलंडमधल्या एक्सिटर गावची. ब्राउन नावाच्या शेतकरी कुटुंबात क्षयाने आधी आई गेली, मग थोरली मुलगी, मग 1892 च्या जानेवारीत एकोणीस वर्षांची मर्सी. मुलगा एडविनही खंगत चालला होता. शेजाऱ्यांनी बापाला गळ घातली. मार्चमध्ये मर्सीचं प्रेत तपासलं गेलं, तिचं काळीज जाळलं आणि ती राख पाण्यात कालवून भावाला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने दहा वर्षं आधीच शोधला होता, पण त्या घरापर्यंत ती बातमी उपयोगाची होऊन पोचलेली नव्हती.

मला वाटतं, या कथांचं मूळ इथे आहे. एका घरातली माणसं एकामागून एक जातात, ज्याने शेवटपर्यंत सेवा केली तोच पुढे आजारी पडतो. मग मन म्हणतं, गेलेल्याचा जीव आपल्यात अडकलाय, तो आपल्याला बोलावतोय. त्यात भीती आहे, पण तिच्या पोटात माया आहे. ते माणूस दारात उभं राहिलं तर आपण दार उघडू, हे आपल्याला माहीत असतं.

लेखकांनी हे पिशाच्च उचललं तेव्हा त्याचं रूप बदललं. कवी बायरनचा डॉक्टर जॉन पोलिडोरी याची कथा 1819 मध्ये आली, तीही बायरनच्या नावावर छापली गेली. त्यात खेड्यातला फुगलेला मुडदा जाऊन देखणा, फिक्कट उमराव आला. तिथून तो मेजवान्यांत वावरू लागला.

मग 1897 च्या मे महिन्यात ब्रॅम स्टोकरची ‘ड्रॅक्युला’ ही कादंबरी आली. तारखेकडे जरा पाहा. पुढच्याच महिन्यात, 22 जूनला, पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली. आपल्याकडे प्लेगचा कहर होता. पुढे तो खान्देशातही आला, माणसं गाव सोडून शेतात झोपड्या बांधून राहिली. ‘ड्रॅक्युला’तही संकट जहाजातून बंदरात उतरतं आणि त्याच्या दिमतीला उंदीर असतात. स्टोकरच्या आईने आयर्लंडच्या स्लायगो गावात 1832 चा कॉलरा पाहिला होता, आणि त्या साथीच्या गोष्टी तिने मुलाला सांगितल्या होत्या. त्या कादंबरीतली दहशत मला रोगाच्या साथीची दहशत वाटते, ती यामुळेच.

एक गंमतीची गोष्ट. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हे आपण सगळे धरून चालतो, पण स्टोकरचा व्हॅम्पायर, काउंट ड्रॅक्युला, लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो. उन्हाने मरणं आलं 1922 च्या ‘नोस्फेराटू’ या जर्मन मूकपटातून. तो ‘ड्रॅक्युला’वर परवानगीशिवाय बेतलेला होता. स्टोकरच्या पत्नीने दावा लावला, कोर्टाने प्रती नष्ट करायचा हुकूम दिला, तरी काही वाचल्या.

स्टोकरने वापरलेला एक नियम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. घरातल्या कुणीतरी आधी बोलावल्याशिवाय व्हॅम्पायरला उंबरा ओलांडता येत नाही. आपल्याकडे दारात आलेल्याला ‘घरमा या’ म्हटल्याशिवाय राहवत नाही. म्हणून हा नियम आपल्याला थेट लागतो. संकट भिंत फोडून आत येत नाही, आपल्या चांगुलपणावाटे येतं. शेरिडन ल फानूच्या ‘कार्मिला’त तसंच होतं. ही ‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षं आधीची. वाटेत बग्गी उलटते, एका एकाकी मुलीच्या घरी एक तरुणी पाहुणी म्हणून राहते, आणि घराला तिचा लळा लागतो. स्वीडिश लेखक यॉन आय्विदे लिंडक्विस्टने 2004 च्या कादंबरीत हाच नियम उलट्या बाजूने दाखवला. तिथे बोलावण्यावाचून आत आलेलं व्हॅम्पायर पोर स्वतःच रक्तबंबाळ होतं. शाळेत छळ सोसणारा एक मुलगा आणि ते पोर, या दोघांच्या मैत्रीइतकं हळवं मी या प्रकारात दुसरं वाचलेलं नाही.

आणि अमेरिकन लेखिका ॲन राइस. तिची लहानगी मुलगी 1972 मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेली. 1976 मध्ये आलेल्या तिच्या कादंबरीत व्हॅम्पायर झालेली पाच वर्षांची क्लॉडिया आहे. ती कधी मरणार नाही, पण कधी मोठीही होणार नाही. शरीर बाहुलीचं, मन बाईचं. लेकरू मरू नये असं वाटणाऱ्या आईने ते न मरणं किती भयंकर असेल हे स्वतःच लिहून काढलं. ही पानं मी सलग वाचू शकत नाही.

एक गोष्ट इथे बोलायलाच हवी. वर सांगितलं तेच खापर आपल्या सातपुड्यात, नंदुरबारच्या दुर्गम पाड्यांत, जिवंत बाईवर फोडलं जातं. पोर दगावलं, गुरं मेली, की एखादीला डाकीण ठरवायचं. बहुतेकदा ती एकटी असते, विधवा असते, कधी तिच्या जमिनीवर कुणाचा डोळा असतो. तिला मारहाण होते, गाव सोडावं लागतं, जीवही जातो. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अशा छळाला शिक्षा आहे. तुमच्या ओळखीत असं घडत असेल तर पोलिसांना कळवा. पिशाच्चाची गोष्ट मला प्रिय आहे, म्हणूनच ती पुस्तकातच राहावी याबद्दल मी हट्टी आहे. काउंट ड्रॅक्युलाला कितीही खिळे ठोका, कुणाची आई मरत नाही.

आता वाचायचं असेल तर सुरुवात ‘कार्मिला’पासून करा. दोन बैठकांत संपते. मग ‘ड्रॅक्युला’. ती सगळी डायऱ्या, पत्रं, तारा आणि कात्रणं यांतून उलगडते. पहिली चार प्रकरणं, काउंटच्या वाड्यावर गेलेल्या हार्कर या तरुण वकिलाची डायरी, एकाच रात्री वाचा. मधला भाग रेंगाळतो, तिथे सोडू नका, कारण पुढे ल्यूसी आहे. तिला पुरून आलेल्या वाग्दत्त वरासमोर ती पुन्हा उभी राहते, गोड आवाजात हाक मारते, हात पसरते. आणि तो तिच्याकडे जाऊ लागतो. तेवढी चार पानं घरात कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा.