अर्धे तुमचे, अर्धे आमचे : इराकी कुर्दांच्या ऐक्याची गोष्ट

२००३ साली सद्दाम हुसेन यांची राजवट कोसळल्यानंतरची काही वर्षे, उत्तर इराकमधील एर्बिलहून सुलेमानियाला निघालेला माणूस खिशात दोन मोबाइल घेऊन निघत असे. एका शहरात चालणारा फोन दुसऱ्या शहरात मुका होई. दोन्ही शहरे कुर्दांची, दोन्ही ठिकाणी एकवीस किरणांच्या सूर्याचा तोच झेंडा. तरीही वाटेतल्या नाक्यावर फोन बदलावा लागे, कारण एर्बिल आणि दोहुकचा मुलूख कुर्दिस्तान डेमोक्रॅटिक पार्टीचा होता, तर सुलेमानियाचा मुलूख पेट्रिऑटिक युनियन ऑफ कुर्दिस्तानचा. पहिल्याचा रंग पिवळा, दुसऱ्याचा हिरवा. लोक आजही या प्रदेशाविषयी बोलताना ‘पिवळा भाग’ आणि ‘हिरवा भाग’ असे शब्द सहज वापरतात.

कुर्दी भाषेत ‘बिराकुजी’ असा एक शब्द आहे. ‘बिरा’ म्हणजे भाऊ. आपल्या ‘भ्राता’ या शब्दाचे आणि त्याचे मूळ एकच. बिराकुजी म्हणजे भावाने भावाची केलेली हत्या. मराठीत आपण भाऊबंदकी म्हणतो, पण भाऊबंदकी बहुधा बांधावरून किंवा वाड्यावरून होते आणि वाटणी झाली की निदान वरवर तरी मिटते. इराकी कुर्दांच्या बाबतीत उलटे घडले. तिथे वाटणीलाच ऐक्य म्हटले गेले आणि भांडण त्या वाटणीच्या पोटात राहून गेले.

या भांडणाची मुळे १९६४ पर्यंत मागे जातात. बगदादशी लढणारे मुल्ला मुस्तफा बारझानी हे टोळीचे, डोंगराचे नेते होते. त्यांच्याच पक्षातील, म्हणजे डेमोक्रॅटिक पार्टीतील, इब्राहिम अहमद आणि पुढे त्यांचे जावई झालेले जलाल तालबानी हे शहरी, शिकलेल्या, डाव्या विचारांच्या वर्तुळातले. सरकारशी झालेल्या युद्धबंदीवरून दोन्ही बाजूंचे फाटले. पुढे १९६६ मध्ये तालबानींचे लोक बगदादच्या बाजूने बारझानींविरुद्ध उभे राहिले. सरकारला सामील होणाऱ्या कुर्दाला कुर्द लोक ‘जाश’ म्हणतात. जाश म्हणजे गाढवाचे शिंगरू. ‘सहासष्टचे जाश’ ही शिवी त्यानंतर कित्येक दशके पुरली. १९७५ मध्ये इराणच्या शहांनी अल्जिअर्स येथे इराकशी करार करून कुर्दांची रसद तोडली, बारझानींचे बंड काही दिवसांत कोसळले आणि त्याच वर्षी जूनमध्ये तालबानींनी दमास्कसमध्ये पेट्रिऑटिक युनियनची स्थापना केली. तेव्हापासून घरे दोन झाली.

त्यांना एकत्र आणले ते संकटाने. १९८८ मधील अन्फाल मोहिमेत इराकी सैन्याने हजारो कुर्द गावे जमीनदोस्त केली. किमान पन्नास हजार आणि कदाचित एक लाख माणसे मारली गेली असा मानवाधिकार संघटनांचा अंदाज आहे, तर कुर्द स्वतः एक लाख ब्याऐंशी हजारांचा आकडा सांगतात. १६ मार्च १९८८ रोजी हलब्जा शहरावर विषारी वायूचे बॉम्ब पडले आणि सुमारे पाच हजार लोक मरण पावले. याच काळात दोन्ही पक्ष इतर लहान पक्षांसह कुर्दिस्तान आघाडीत सामील झाले. आखाती युद्धानंतर १९९१ च्या उठावात ही आघाडी लढली, आणि मित्रराष्ट्रांच्या विमानांच्या छत्राखाली उत्तरेचा प्रदेश बगदादच्या हातून सुटला.

मग आली १९९२ च्या मे महिन्यातील निवडणूक. मतदान १७ मे रोजी व्हायचे होते; पण बोटाला लावण्यासाठी आणलेली ‘न पुसणारी’ शाई पुसली जाते असे आढळल्याने ते दोन दिवस पुढे गेले. १९ मे रोजी लोकांनी तासन्‌तास रांगा लावून मत दिले. लहान पक्षांना सात टक्क्यांची अट पार करता आली नाही. मुल्ला मुस्तफांचे पुत्र मसूद बारझानी यांच्या पक्षाला किंचित आघाडी होती, तालबानींच्या पक्षाने निकालावर आक्षेप घेतला, आणि तंटा टाळण्यासाठी दोघांनी एकशेपाच जागांपैकी पन्नास-पन्नास वाटून घेतल्या. उरलेल्या पाच ख्रिस्ती समाजासाठी राखीव होत्या. ही वाटणी विधिमंडळावर थांबली नाही. मंत्री एका पक्षाचा असेल, तर उपमंत्री दुसऱ्याचा. आणि एकाच्या सहीवाचून दुसऱ्याचा कागद हलत नसे. अगदी खालच्या नेमणुकांपर्यंत ही पद्धत झिरपली. स्वतः मसूद बारझानी आणि जलाल तालबानी मात्र सरकारबाहेर राहिले, म्हणजे खरी सत्ताही सरकारबाहेरच राहिली. या व्यवस्थेला तेव्हा राष्ट्रीय ऐक्य म्हटले गेले. आमच्या मते ती ऐक्याची नव्हे, परस्परांवरील अविश्वासाची अत्यंत काटेकोर व्यवस्था होती.

दोनच वर्षांत ती फुटली. मे १९९४ मध्ये कलादिझे येथील जमिनीच्या एका वादातून गोळीबार सुरू झाला आणि तो सर्वत्र पसरला. त्यामागे पैसा होता. तुर्कस्तानच्या सीमेवरील इब्राहिम खलील नाक्यावरून डिझेल भरलेल्या ट्रकांच्या रांगा जात, त्यांच्यावरील जकात हे या कोंडलेल्या प्रदेशाचे सर्वांत मोठे उत्पन्न होते, आणि तो नाका बारझानींच्या मुलखात होता. तालबानींच्या फौजांनी एर्बिल घेतले. ऑगस्ट १९९६ च्या अखेरीस ते परत मिळवण्यासाठी मसूद बारझानी यांनी ज्याची मदत मागितली, तो माणूस होता सद्दाम हुसेन. १९८३ मध्ये सद्दाम यांच्याच सैन्याने बारझानी कुळातील सुमारे आठ हजार पुरुष आणि मुलगे उचलून नेले होते, आणि ते कधी परतले नव्हते. ३१ ऑगस्ट रोजी इराकी रणगाडे एर्बिलमध्ये शिरले. दुसरीकडे तालबानींनी इराणचा आधार घेतला. या चार वर्षांत काही हजार माणसे मारली गेली, आणि कित्येक कुटुंबांना केवळ चुकीच्या रंगाचे म्हणून शहर सोडावे लागले.

आयर्लंडमध्ये बोलणी झाली, अंकारामध्ये झाली. करार टिकला तो १७ सप्टेंबर १९९८ रोजी वॉशिंग्टनमध्ये, अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्री मॅडलिन ऑल्ब्राइट यांच्या उपस्थितीत झालेला. त्याने युद्ध थांबले, पण दोन सरकारे, दोन पंतप्रधान आणि दोन तिजोऱ्या तशाच राहिल्या.

बगदादसमोर बसताना मात्र ही माणसे एका आवाजात बोलू शकतात, हे २००५ मध्ये दिसले. जानेवारीतील निवडणुकीत दोन्ही पक्षांनी लहान पक्षांसह एकच यादी उभी केली आणि दोनशे पंच्याहत्तरपैकी पंच्याहत्तर जागा जिंकल्या. त्या बळावर कुर्दिस्तानची स्वायत्तता आणि कुर्दी भाषेचा राजभाषेचा दर्जा इराकच्या राज्यघटनेत लिहिला गेला. तालबानी इराकचे अध्यक्ष झाले, बारझानी कुर्दिस्तान प्रदेशाचे. पुन्हा वाटणीच, पण या वेळी वाटायला पुरेसे होते. जानेवारी २००६ मध्ये दोन्ही प्रशासने एक करण्याचा करार झाला आणि मे महिन्यात एकच मंत्रिमंडळ शपथबद्ध झाले. त्यातून चार खाती तेवढी वगळली होती : अर्थ, गृह, न्याय आणि पेशमर्गा. शिक्षण, आरोग्य, शेती एकत्र आली. ज्यांच्या हाती पैसा, पोलीस, तुरुंग आणि बंदूक असते ती खाती वेगळीच राहिली.

पेशमर्गा म्हणजे मृत्यूला सामोरे जाणारा. या सैनिकाकडे जवळून पाहिले, तर ढगळ विजार, कमरेचा पट्टा आणि बाहीवरील सूर्य सगळ्यांचा सारखाच आहे. फरक तुकडीच्या क्रमांकात आहे. सत्तर क्रमांकाची दले पेट्रिऑटिक युनियनची, ऐंशी क्रमांकाची डेमोक्रॅटिक पार्टीची. मंत्रालयाच्या थेट हुकमतीखालील संयुक्त ब्रिगेड उभ्या राहिल्या आहेत, पाश्चात्त्य देश त्यांच्या प्रशिक्षणावर खर्च करत आले आहेत, तरीही आणीबाणीच्या वेळी सैनिक कोणाचा आदेश ऐकेल याचे उत्तर अनेकदा तो कोणत्या भागातला आहे यावर ठरते.

याची सर्वांत महाग परीक्षा २०१७ मध्ये झाली. २५ सप्टेंबरच्या सार्वमतात ९२ टक्क्यांहून अधिक मतदारांनी स्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला. तीन आठवड्यांनी, १६ ऑक्टोबरला, इराकी फौजा किर्कुककडे सरकल्या. पेट्रिऑटिक युनियनच्या काही तुकड्या न लढता मागे हटल्या, आणि तेलाने समृद्ध असलेले ते शहर एका दिवसात गेले. एका बाजूने गद्दारीचा आरोप झाला. दुसऱ्या बाजूने, सार्वमताचा हट्ट धरून सर्वांना खाईत लोटल्याचा. तालबानी त्याच महिन्याच्या ३ तारखेला निवर्तले होते. पुढच्या वर्षी इराकच्या अध्यक्षपदासाठी दोन्ही पक्षांनी प्रथमच एकमेकांविरुद्ध उमेदवार उभे केले.

या दोन घरांच्या पलीकडेही कुर्द मतदार आहे, हे विसरता येत नाही. २००९ मध्ये तालबानींचे जुने सहकारी नौशिरवान मुस्तफा यांच्या ‘गोरान’, म्हणजे ‘बदल’, या चळवळीने एकशे अकरापैकी पंचवीस जागा घेतल्या. ऐक्याच्या नावाखाली दोघेच सगळे वाटून घेतात, अशी त्यांची तक्रार होती, आणि ती खोटी म्हणता येत नव्हती. पुढे गोरान स्वतःच सत्तेत सामील झाली आणि ओसरली.

२० ऑक्टोबर २०२४ रोजी शंभर जागांच्या विधिमंडळासाठी मतदान झाले. डेमोक्रॅटिक पार्टीला एकोणचाळीस, पेट्रिऑटिक युनियनला तेवीस जागा मिळाल्या. एकमेकांवाचून सरकार बनवणे दोघांनाही अवघड होते, म्हणून दोघे बोलणीला बसले. महिन्यांमागून महिने गेले. अडलेल्या मुद्द्यांत एक प्रश्न सतत पुढे येत राहिला : गृहखाते कोणाकडे जाणार?