दोऱ्याची गाठ

श्रोतेहो, नमस्कार. आज दुःखाविषयी बोलायचंय, आणि तेही सुपरहिरोंच्या एका मालिकेच्या निमित्तानं. मालिका 'वांडाव्हिजन', २०२१च्या जानेवारी ते मार्चमध्ये आलेली, भाग ९. तिची नायिका वांडा, हिला जादू येते. तिच्या डोळ्यांदेखत तिचा प्रियकर व्हिजन गेला. त्यानं घरासाठी घेऊन ठेवलेल्या मोकळ्या जागेवर ती जाते, दुःख अनावर होतं आणि तिच्या जादूनं अख्खं गाव बदलून जातं. घर उभं राहतं, नवरा परत येतो, जुळी मुलंही होतात. तेव्हा दर शुक्रवारी नवा भाग यायचा. सगळे भाग एका रात्रीत उरकू नयेत, मधे आठवडाभर मनात घोळू द्यावेत, असं माझं ठाम मत आहे.

आता आमच्या काकूंचं सांगते. त्या सांगलीत, गावभागात राहतात. २०१९च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर काकांनी माजघराच्या भिंतीवर, पाणी जिथवर चढलं होतं तिथं, पेन्सिलनं रेघ मारली. खाली तारीख घातली. पुढच्या वर्षी काका गेले. मग काकूंनी त्या भिंतीला कुणाला हात लावू दिला नाही. ओलीनं पोपडे सुटले, नातवाला खोकला धरला, सुनेनं दोनदा रंगारी बोलावला, दोनदा तो तसाच परत गेला.

एकदा नातू मोबाइलवर ही मालिका बघत होता. काकू शेजारी शेंगा सोलत बसल्या होत्या. गावकरी वांडाला विनवतात, झोपेतही आम्हाला तुझीच वाईट स्वप्नं पडतात, सोड आम्हाला. नातवानं ते मराठीत सांगितलं. काकूंचा हात थांबला. "हिच्या दुःखात सगळं गाव कोंडलंय की रे," म्हणाल्या.

वांडा दुष्ट नव्हती, श्रोतेहो. पुन्हा सांगते, दुष्ट नव्हती, तिच्यानं सोडवत नव्हतं. शेवटी ती मुलांना निजवते, नवऱ्याचा निरोप घेते, घर विरून जातं. उरतो नुसता पाया. आपण तेराव्याला गर्दी करतो, पण तीन महिन्यांनी त्या घरी चहाला कोण जातं? जावं हो. आवर्जून जावं.

दिवाळीआधी काकूंनी स्वतःच रंगाऱ्याला फोन केला. तो आला तेव्हा फरशीपासून रेघेपर्यंत पांढरा दोरा धरला, रेघ आली तिथं गाठ मारली. "आता लाव रंग," म्हणाल्या.

दोरा देवघराच्या खणात असतो. मागच्या महिन्यात गेले तेव्हा त्यांनी काढून माझ्या अंगाला लावला. गाठ खांद्याशी आली.