मूल बरं दिसू लागल्यावर

नमस्कार मंडळी. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या या सभागृहात संध्याकाळी मुलांच्या कॅन्सरवर ऐकायला इतकी माणसं आली, त्यांत शिक्षिका आहेत, आजी-आजोबा आहेत, याचं मला फार समाधान आहे. ब्लड कॅन्सर म्हटलं की आपण अजून आवाज खाली आणतो. जुन्या सिनेमांनी हा आजार म्हणजे शेवटच, असं मनात बसवून ठेवलंय. मुलांच्या बाबतीत ते खरं नाही. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कॅन्सर म्हणजे अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, ए.एल.एल. श्रीमंत देशांत आज अशा दहा मुलांपैकी जवळपास नऊ बरी होतात. बरी म्हणजे मोठी होतात, नोकरीला लागतात, संसार करतात. आपल्याकडेही चांगल्या केंद्रात उपचार पुरे करणारी बहुसंख्य मुलं बरी होतात. मी ‘पुरे करणारी’ म्हटलं, आणि आज मला त्याच दोन शब्दांवर बोलायचं आहे.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यात आपला एक माणूस आहे. आंध्रातल्या भीमावरमला जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडरले कंपनीच्या प्रयोगशाळेत फॉलिक अ‍ॅसिडवर काम करत होते. फॉलिक अ‍ॅसिडला अडवणारी औषधं त्यांच्या गटाने तयार केली आणि बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी त्यांतलं अमिनोप्टेरिन ल्युकेमियाच्या मुलांना दिलं. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात १६ पैकी १० मुलांना उतार पडल्याची नोंद आहे. पण आजार उलटला, सगळ्यांचाच. तरी हा आजार औषधाने मागे हटतो, हे पहिल्यांदा दिसलं. सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गेले. आज प्रत्येक ए.एल.एल.च्या मुलाला मिळणारं मेथोट्रेक्झेट त्याच कुळातलं. आपल्या शाळेच्या पुस्तकांत या माणसाला जागा असायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

पुढे औषधं वाढली. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांनी सिक्स-एमपी दिलं, त्या कामासाठी दोघांना १९८८ चं नोबेल मिळालं. तुमच्या कुंडीतल्या सदाफुलीपासून व्हिन्क्रिस्टिन मिळालं. (कृपा करून कुणी सदाफुलीचा काढा करून मुलांना देऊ नका. औषध अगदी मोजून, शिरेतून दिलं जातं. पानांमधले घटक विषारी आहेत.) १९६२ साली मेम्फिसला सेंट ज्यूड रुग्णालय सुरू झालं. तिथे डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी ही औषधं एकत्र द्यायला सुरुवात केली, मेंदूभोवती लपणाऱ्या पेशींवर वेगळा उपचार केला, आणि मूल बरं दिसू लागल्यावरही दोन-तीन वर्षं औषध थांबवलं नाही. साठच्या दशकाअखेरीस निम्मी मुलं बरी होऊ लागली. पाठीतून पाणी काढतात, त्याने पाय लुळे पडतील, ही भीती मला प्रत्येक घरात भेटते. पाय लुळे पडत नाहीत. ती सुई मेंदूपर्यंत औषध पोचवण्यासाठी असते.

आता आकडा ऐका. निदान होतं तेव्हा मुलाच्या शरीरात साधारण एक लाख कोटी कॅन्सर पेशी असतात. पहिल्या चार-पाच आठवड्यांच्या केमोनंतर बोन मॅरो, म्हणजे हाडांतला मगज, तपासतात आणि सांगतात, रेमिशन आलं, म्हणजे आजार दिसेनासा झाला. घरी पेढे वाटले जातात, वाटायलाच हवेत. पण सूक्ष्मदर्शकाखाली मॅरो स्वच्छ दिसतो त्या दिवशीही हजार कोटीपर्यंत पेशी शिल्लक असू शकतात. उरलेल्या कॅन्सर पेशी हुडकणारी नवीन एमआरडी तपासणी दहा हजारांत एक पेशी शोधते. तीही काही न सापडल्याचा निरोप देते तेव्हा पेशी उरलेल्या असू शकतात. म्हणून पुढचे काही महिने जोराची केमो, आणि मग मेंटेनन्स: दीड ते दोन वर्षं रोज सिक्स-एमपी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट. हा सगळा काळ मूल घरी असतं. केस परत येतात, शाळा सुरू होते, सायकल चालते. आणि वडील येऊन विचारतात, “डॉक्टरसाहेब, पोरगा आता अगदी ठीक आहे. गोळ्या चालू ठेवायच्या कशाला?”

प्रश्न चुकीचा नाही. मूल समोर खेळत असताना त्याला रोज काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशींची संख्या, उतरवणारं औषध द्यायचं, हे आईबापाच्या मनाविरुद्धच जातं. त्यात आजी म्हणते, एवढी गरम औषधं नकोत. छोटाउदेपूर-दाहोदकडचं कुटुंब असेल तर पेरणी असते, मागे दोन लहान मुलं असतात, एका फेरीला दोन दिवसांची मजुरी बुडते. औषध मोफत असलं तरी फेरी मोफत नसते.

डॉ. स्मिता भाटिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मेंटेनन्समधल्या सिक्स-एमपीच्या गोळ्यांचा अभ्यास केला. बाटलीच्या झाकणात चिप बसवली, झाकण कधी उघडलं याची तारीख-वेळ नोंदवली जायची. २०१२ साली त्यांनी मांडलं की ज्या मुलांनी ९५ टक्क्यांपेक्षा कमी डोस घेतले, त्यांच्यात आजार उलटण्याचा धोका स्पष्ट वाढला. हिशेब करून बघा, महिन्यात दोन गोळ्या चुकल्या की तुम्ही ९५ च्या खाली गेलात! आणि चुकण्याचं मोठं कारण काय निघालं, तर विसरणं. याच गटाने पुढे असंही दाखवलं की गोळी सकाळी घेतली की रात्री, दुधासोबत की जेवणानंतर, याने आजार उलटण्यात फरक पडला नाही. मला हे फार मोलाचं वाटतं. दुधामुळे औषध वाया जाईल या धास्तीने मुलाला झोपेतून उठवून उपाशीपोटी गोळी देणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. ताई, जेवल्यावर द्या, पण द्या. मात्र वेळ बदलायची तर आपल्या डॉक्टरांना एकदा सांगा.

एक धोका वेगळा सांगायला हवा. मेथोट्रेक्झेट आठवड्याचं आहे. चुकून रोज दिलं तर जीवावर बेततं. घरच्या कॅलेंडरवर त्या वाराला लाल गोल करा आणि दिल्यावर रोजच्या गोळीसारखीच खूण करा. काउंट फार पडले तर डॉक्टर सिक्स-एमपी कमी करतात, कधी काही दिवस थांबवतात. आपल्याकडच्या काही मुलांत एनयूडीटी१५ नावाच्या जनुकातल्या फरकामुळे नेहमीचा डोस सोसत नाही. डॉक्टरांनी थांबवणं आणि आपण थांबवणं यांत फरक आहे.

लक्षणांबद्दल थोडक्यात. न उतरणारा ताप, पांढरा पडलेला चेहरा, कारण नसताना काळेनिळे डाग, हाडं दुखणं, मूल लंगडणं. अशा वेळी रक्त तपासल्याशिवाय स्टेरॉइड देऊ नये. स्टेरॉइडने ल्युकेमिया काही दिवस दबतो, मूल बरं वाटतं आणि निदान लांबतं. फोटोत डोळ्याची बाहुली पांढरी चमकली तर ताबडतोब डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. तो रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे डोळ्याचा कॅन्सर, असू शकतो, आणि लवकर सापडला तर जीव वाचतोच, बऱ्याचदा दृष्टीही.

आणि मुली. ए.एल.एल. मुलग्यांत थोडा जास्त असतो, हे निसर्गाचं. पण २०२२ साली लॅन्सेट ऑन्कॉलॉजी या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या भारतीय अभ्यासात दिसलं की उपचाराला आणलेल्या मुलामुलींमधली तफावत त्याहून बरीच मोठी आहे. ज्या मुली कमी दिसल्या, त्या घरीच राहिल्या. सयाजीरावांनी १९०६ साली मुलींनाही सक्तीने शाळेत बसवलं त्या बडोद्यात उभं राहून हे बोलताना मला त्रास होतो.

पैशाचं म्हणाल तर आयुष्मान कार्ड आहे, आणि गुजरातच्या शाळा आरोग्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचा कॅन्सरचा उपचार मोफत होतो. शिक्षकांनो, हे तुम्ही पालकांना सांगा, त्यांना ते माहीत नसतं. इथली बरीच कुटुंबं अहमदाबादला, असारव्याच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटला जातात. फेऱ्या संपत नाहीत.

म्हणून माझी एक मागणी. मेंटेनन्समधल्या एका मुलाच्या घरी रोज संध्याकाळी फोन करून “गोळी दिली का?” एवढं विचारणारी माणसं हवी आहेत. दीड-दोन वर्षं, दिवाळीतही. ताप १००.४ च्या वर असेल तर सकाळची वाट न पाहता लगेच दवाखान्यात जा, हेही त्याच फोनवर सांगायचं. सेवानिवृत्त मंडळींना हे सहज जमेल. गुजराती तर तुम्हा सगळ्यांना येतं. राठवी किंवा भिली या आदिवासी बोली समजणारं कुणी असेल तर त्यांनी आधी नाव द्यावं, मी दाराशी वही घेऊन थांबतो.