पुरुषांसाठी स्कर्ट: माप, घेर, खिसा आणि बाहेर पडणं

नमस्कार मंडळी. "पुरुषाला स्कर्ट शोभत नाही" असं कुणी म्हणतं, तेव्हा त्याने बहुतेक वेळा मापात न बसलेला स्कर्ट पाहिलेला असतो. कमरेला काचणारा, मागे फुगलेला, पुढून वर उचललेला, आणि आतला माणूस अवघडून उभा. चूक कापणाऱ्याची आणि बोल घालणाऱ्याला.

कपड्याच्या स्वातंत्र्यावर खूप बोललं जातं, आणि ते बोलायलाच हवं. पण ते स्वातंत्र्य रोजच्या वापरात उतरतं ते साध्या गोष्टींतून. जिना चढता येतो का? खाली बसता येतं का? किल्ल्या कुठे ठेवायच्या? वाऱ्याची झुळूक आली तर? आजचा व्हिडिओ यावरच आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपला लिंगभाव कपड्यातून दिसावा म्हणून कुणी स्कर्ट घालतं. कुणाला नुसता घेर आवडतो, कुणाला उन्हाळ्यात पाय मोकळे हवे असतात. कारण सांगायची सक्ती कुणावरच नाही. आणि स्कर्टवरून समोरच्याची ओळख किंवा त्याला कोण आवडतं हे ओळखता येत नाही, त्यामुळे तसा अंदाज बांधायला जाऊ नका. माप मात्र सगळ्यांना सारखंच घ्यावं लागतं.

(टेप हातात घेऊन)

तयार स्कर्ट ज्या आराखड्यावर कापतात, त्यात सीटचं, म्हणजे नितंबांभोवतीचं, माप कमरेपेक्षा साधारण २५ सेंटिमीटरने जास्त धरलेलं असतं. बऱ्याच पुरुषांमध्ये हा फरक १० ते १८ सेंटिमीटर असतो. म्हणजे कमरेला बसणारा स्कर्ट घेतला की बाजूंना कापड पिशवीसारखं लोंबतं, आणि सीटला बसणारा घेतला की कमरेची चेन लागत नाही. दुकानात हताश होण्याचं कारण हेच. तुमच्या शरीरात काही बिघडलेलं नाही.

तीन मापं घ्या. पहिलं कमरेचं, पण कमर म्हणजे कुठे ते आधी ठरवा. जीन्स कमरेच्या हाडावर बसते. स्कर्ट बेंबीच्या आसपास बसवला तर जास्त स्थिर राहतो, कारण तिथे तो बरगड्या आणि हाड यांच्या मधल्या खोलगट भागात अडकतो. दोन्ही जागी टेप लावून बघा, आकड्यात सहज ५-७ सेंटिमीटरचा फरक पडेल. जीन्सवर लिहिलेला आकडा कधीच वापरू नका. दुसरं माप सीटचं, सगळ्यात रुंद जागी, टेप जमिनीला समांतर धरून. तिसरं लांबीचं, आणि ते पायात बूट घालूनच घ्या.

लांबी तीन जागी मोजा: पुढे, बाजूला, मागे. पोट असेल तर पुढचं माप जास्त येतं, कारण कापडाला पोटावरून वळसा घालून खाली यावं लागतं. ही वाढीव लांबी दिली नाही तर पुढची कड वर उचलली जाते. ती कड खालून कापून सरळ करायला गेलात तर बाजू आणि पाठ तोकडी होते. दुरुस्ती वरून करायची, म्हणजे कापतानाच पुढच्या भागाला कमरेपाशी दीड-दोन सेंटिमीटर जास्त ठेवायचे.

आता काप कोणता निवडायचा? आमचं मत ठाम आहे: पहिला स्कर्ट अर्धवर्तुळाचा शिवा. अर्धवर्तुळात कापड कमरेपासूनच पसरत जातं, त्यामुळे सीटच्या मापाची चिंताच उरत नाही. हिशेब करून दाखवतो.

(कागदावर आकृती)

कमर समजा ९० सेंटिमीटर. तिला ३.१४ ने भागा. आले २८.७. ही आतल्या गोलाईची त्रिज्या. लांबी ५५ हवी असेल तर बाहेरच्या गोलाईची त्रिज्या ८३.७. कमरेखाली २० सेंटिमीटरवर, म्हणजे सीटपाशी, घेर किती होतो बघा: साधारण १५३. कुणाचीही सीट त्यात आरामात मावेल. तळाचा घेर येतो २६३, म्हणजे दोन-दोन पायऱ्या एकदम चढलात तरी कापड ताणलं जात नाही.

अर्धवर्तुळ एकसंध कापू नका, दोन पाव वर्तुळं कापा. दोन्ही बाजूंना शिवण मिळते, मग एका बाजूला चेन आणि दुसऱ्या बाजूला खिसा बसवता येतो. कमरेच्या गोलाईत १ सेंटिमीटर माया, म्हणजे शिवणीत जाणारं जादा कापड, हवी, म्हणून आतली गोलाई २८.७ ऐवजी २७.७ वर कापायची. बाजूच्या शिवणींना दीड, तळाला दीड. एवढ्याला १८० सेंटिमीटर कापड पुरतं, आणि पन्हा ९० चा असला तरी चालतो. कमरेच्या पट्ट्यासाठी थोडं वेगळं धरा.

इथे दोन गोष्टी हमखास बिघडतात. गोलाईचा काही भाग उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका, येतो आणि उरेब कापड ओढलं की वाढतं. कापल्या कापल्या कमरेच्या गोलाईवर, कडेपासून ८ मिलिमीटर आत, एक साधी टीप घाला. ती घातली नाही तर ९० ची कमर हाताळता हाताळता ९४ होते आणि पट्टा लावताना चुण्या पडतात. दुसरी गोष्ट, पट्टा लावून झाल्यावर स्कर्ट पूर्ण एक दिवस टांगून ठेवा. उरेब भाग स्वतःच्या वजनाने खाली उतरतो. मग अंगात घालून, जमिनीपासून पट्टीने मोजत गोल खुणा करा, वाढलेलं कापा, आणि त्यानंतरच तळ दुमडा. घाईने आधीच दुमडलात तर दोन धुण्यांत कड लाटेसारखी खालीवर होते. गोल कडेला दुमड अरुंदच ठेवायची. ४ सेंटिमीटरची केलीत तर तिथे कापड गोळा होतं.

दुसरा पर्याय गुंडाळायच्या स्कर्टचा. मापाला तो सगळ्यात मोकळा, पण वरचा पदर खालच्या पदरावर किती येतो याच्यावर सगळं अवलंबून असतं. तो २५ सेंटिमीटरच आला तर उभं राहिल्यावर छान दिसतं आणि बसल्याबरोबर मांडी उघडी पडते. पुढचा पूर्ण भाग झाकेल एवढा पदर ठेवा. किल्टमध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या पुरुषांच्या चुणीदार स्कर्टमध्ये, हेच केलेलं असतं. पुढे दोन सपाट पदर एकावर एक, चुण्या सगळ्या मागे. पारंपरिक किल्टला ८ यार्ड, म्हणजे सव्वासात मीटरहून जास्त लोकरी कापड लागतं, आणि त्या वजनामुळेच तो वाऱ्याला दाद देत नाही. किल्टची पिन लावायची झाली तर ती फक्त वरच्या पदरातून घाला. दोन्ही पदरांतून घातली तर चालताना कापड ओढलं जाऊन फाटतं.

सरळ, अरुंद स्कर्ट हवा असेल तर आधी एक पाय पायरीवर ठेवा आणि दोन्ही गुडघ्यांभोवती मिळून टेप फिरवा. जो आकडा येईल त्यात १० मिळवा. तळाचा घेर त्याहून कमी असेल तर मागे चीर लागणार.

कापडाबद्दल थोडक्यात. पहिल्या स्कर्टला चौरस मीटरला २२० ते २६० ग्रॅमचं सुती ट्विल घ्या. १५० च्या खालचं कापड वाऱ्यावर उडतं. पण कुणाला शिफॉन, साटीन, लेस हवी असेल तर जरूर घ्या. पुरुषाचा स्कर्ट जाड, खाकी आणि खिळ्या-बकलांचाच असला पाहिजे असं बंधन घालून घेतलं, तर एक पिंजरा सोडून दुसऱ्यात जाण्यासारखं होईल. हिशेब तोच राहतो, फक्त आत सुती अस्तर जोडा आणि ते तळापेक्षा २-३ सेंटिमीटर आखूड ठेवा. पॉलिएस्टर पायाला चिकटायला लागलं तर ओला हात आतून फिरवा, तात्पुरतं सुटतं.

आता आत काय घालायचं. ही फार कुणी न सांगितलेली गोष्ट आहे. पॅंटमध्ये दोन मांड्यांच्या मध्ये कापड असतं, स्कर्टमध्ये नसतं. घामात तासभर चाललात की मांड्या एकमेकींवर घासून सोलवटतात. मांडीवर १५ ते १८ सेंटिमीटर उतरणारी, अंगाबरोबर बसणारी शॉर्ट घाला. वाऱ्याची भीतीही त्याने जाते.

बसताना मागचं कापड हाताने खाली सारत बसा, नाहीतर उठल्यावर मागे चुरगळलेला गठ्ठा दिसतो. गुडघे फाकवून बसायची सवय असेल तर घेरदार स्कर्टमध्ये कापड दोन पायांच्या मध्ये सोडून द्या, काही दिसत नाही. अरुंद स्कर्टमध्ये मात्र गुडघे जवळ घ्यावे लागतात. घोट्यापर्यंतचा स्कर्ट जमिनीपासून ४-५ सेंटिमीटर वर ठेवा, जिना चढताना पुढचा काठ चिमटीत धरा, आणि सरकत्या जिन्यावर तो कडेच्या फटीपासून लांब ठेवा. सायकलवर घेर चाकात जाऊ शकतो. कापड मांडीखाली दाबून बसा किंवा चिमट्याने आवळा. स्वच्छतागृहात दार बंद होणारी खोली वापरलेली सोपी, कापड वर घेऊन हाताशी धरता येतं.

खिसा ही आमच्या जिव्हाळ्याची बाब. तोंड १७ सेंटिमीटर, पिशवी २८ खोल, सुरुवात पट्ट्याखाली ६ सेंटिमीटरवर. पिशवीची वरची कड कमरेच्या पट्ट्यात शिवून टाका. ती फक्त बाजूच्या शिवणीला लटकत ठेवली तर प्रत्येक पावलाला फोन मांडीवर आपटतो आणि शिवण खाली ओढली जाते. इलॅस्टिकच्या कमरेत जड फोन ठेवूच नका.

वरच्या कपड्याचा नियम एकच सांगतो: शर्ट खोचा किंवा आखूड घाला. मांडीच्या मध्यावर संपणारा शर्ट स्कर्टच्या बरोबर मध्ये आडवी रेघ मारतो आणि पाय तोकडे दिसतात. जड कापडाखाली जड बूट, हलक्याखाली सपाट चप्पल किंवा बूट. बाकी मनाप्रमाणे.

आता लोकांबद्दल. "पुरुष असलं घालत नाहीत" हे वाक्य जगाच्या नकाशावर टिकत नाही. म्यानमारमध्ये पुरुष लुंजी नेसतात, फिजीमध्ये सुलू नावाचा स्कर्ट पोलिसांच्या गणवेशात आहे, ग्रीसच्या इव्हझोन सैनिकांच्या फुस्तानेला नावाच्या स्कर्टला ४०० चुण्या असतात. सापडलेल्या सगळ्यात जुन्या विजारींपैकी काही चीनच्या तुर्फान भागातल्या, सुमारे ३००० वर्षांपूर्वीच्या आहेत आणि घोडेस्वारीशी जोडल्या जातात. विजार आली ती कामाच्या सोयीसाठी. पुढे कायद्यांनी कपडे वाटून दिले. पॅरिसमध्ये १८०० साली बायकांना पुरुषी कपड्यांसाठी पोलिसांची परवानगी सक्तीची झाली, आणि तो आदेश निरर्थक ठरल्याचं फ्रेंच सरकारने अधिकृतपणे सांगितलं ते २०१३ मध्ये. स्कॉटलंडमध्ये पुरुषांच्या किल्टवर १७४७ पासून बंदी होती, ती १७८२ मध्ये उठली.

कामाच्या जागी घालायचा असेल तर पोशाखाचा नियम शब्दन् शब्द वाचा. २०१३ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोमजवळच्या रोस्लाग्सबानान रेल्वेच्या चालकांना शॉर्ट घालायला मनाई होती, स्कर्ट मात्र गणवेशात होता. पुरुष चालकांनी तो घातला आणि कंपनीला तो मान्य करावा लागला. २०१७ मध्ये फ्रान्समध्ये नांतच्या बसचालकांनीही उकाड्यात हाच मार्ग धरला. तुमच्या नियमात "गुडघ्यापर्यंतचा स्कर्ट चालेल" असं लिहिलं असेल आणि तो कुणी घालायचा हे लिहिलं नसेल, तर लेखी विचारा आणि उत्तरही लेखी मागा. तोंडी "बघू" म्हणून सांगितलेलं दुसऱ्या दिवशी बदलू शकतं.

पहिल्यांदा बाहेर पडताना घरात दोन-तीन तास घालून वावरा, जिना चढा, वाकून बुटाची नाडी बांधा. मग ओळखीच्या माणसासोबत, दिवसा, छोट्या फेरीला जा. कुणी विचारलं तर "आवडतो म्हणून" एवढं उत्तर पुरे. त्यापुढे वाद घालायचा की नाही हे तुमच्या हातात. वाट सुरक्षित वाटत नसेल तर बॅगेत एक सैल पॅंट ठेवा. ती स्कर्टच्या आतून चढवायची आणि मग वरून स्कर्ट काढायचा, आडोसा शोधावा लागत नाही.

मापात अडलात तर आम्हाला विचारताना कमर, सीट आणि तीन जागची लांबी, असे पाचही आकडे लिहा. नुसतं "बसत नाही" म्हटलं तर कापायला कुठे चुकलं ते सांगता येत नाही.