आजींची उठबस

सकाळचे सहा. अजिंक्यताऱ्याच्या उतारावर अजून धुकं आहे. चार भिंती स्मारकाच्या बाजूनं माणसं वर निघालीत. कुणी मफलर गुंडाळून, कुणी ट्रॅकसूट घालून. सातारा डोंगराच्या पायथ्याशीच वसलेलं गाव. वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्याला यायचं म्हटलं तरी बोळातला उतार लागतोच.

आपण मात्र गडावर जाणार नाही. खाली, पेठेतल्या या घरात जाऊ.

या आजी. वय 76. व्यायाम म्हणून कधी काही केल्याचं त्यांना आठवत नाही.

आता त्यांचं बसणं बघा. एक पाय दुमडलेला, दुसऱ्याचं पाऊल विळीच्या पाटावर घट्ट. पाठ भिंतीला टेकलेली नाही. दोन्ही हातांनी कोबीचा गड्डा पात्यावर येतो, खांदे थोडे पुढे झुकतात, पुन्हा मागे येतात. परात उजवीकडं, पाण्याचं पातेलं मागं. म्हणून दर खेपेला कंबर वळते. एवढ्यात मोहरीचा डबा वरच राहिल्याचं ध्यानात येतं. आजी उठतात. जमिनीला हात नाही, भिंतीचा आधार नाही. डबा घेऊन पुन्हा मांडी घालतात.

कॅमेरा लावल्यापासून भाजी फोडणीला पडेपर्यंत त्या अकरा वेळा उठल्या. आम्ही मोजलं.

आपल्या भाषेत यालाच उठबस म्हणतात. पाहुण्यांची उठबस, घरातली उठबस. काम आणि शरीर एकाच शब्दात.

ब्राझीलमधल्या डॉक्टरांनी 51 ते 80 वयाच्या 2,002 जणांना नेमकं हेच करायला सांगितलं होतं. जमिनीवर बसा आणि उठा. हात किंवा गुडघा टेकला की दहातला एक गुण कमी. 2012 साली निष्कर्ष छापून आले: पुढच्या काही वर्षांत कमी गुणांच्या लोकांमध्ये मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. या एका उठण्यात मांड्यांची ताकद, घोट्याची लवचिकता आणि तोल, तिन्ही एकदम कामाला लागतात. चालताना पोटरी आवळली की पायातलं रक्त वर ढकललं जातं. आणि आकुंचन पावणारा स्नायू रक्तातली साखर ओढून घेतो. त्यासाठी जिममध्येच जावं लागतं असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2020 मध्ये सलग दहा मिनिटांची जुनी अट काढून टाकली. तुकड्यातुकड्यानं केलेली हालचालही आता धरली जाते.

आपल्या घरांत काय झालं? ओटा आला, विळी माळ्यावर गेली. जेवणाचं टेबल आलं, पाट गेले. ओट्यानं बायकांची कंबर वाचवली, हे खरंच आहे. आणि ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना खुर्ची हवीच. शेजारच्या काकूंना आम्ही खाली बसायला सांगितलं नाही. पण चालत्या-फिरत्या माणसाची जमीनच सुटली, याचं वाईट वाटतं.

हा आजींचा मुलगा. घरूनच कॉम्प्युटरवर काम. पाठदुखी, साखर काठावर, डॉक्टरांच्या दोन फेऱ्या झाल्या.

आता पाण्याचा तांब्या त्याच्या टेबलावर नसतो, स्वयंपाकघरात असतो. तहान लागली की उठायचं. फोन आला की पडवीत येरझाऱ्या. बघा, बोलता बोलता सातवी फेरी. पोवई नाक्यापर्यंतच्या कामाला गाडी काढायची नाही, हे त्यानं स्वतःच ठरवलं. रात्रीचं जेवण सगळ्यांचं खाली, ताटं वाढायला आळीपाळीनं उठायचं.

संध्याकाळ. आजी विळीवर, तो समोर लसूण सोलत बसलाय. उठायची वेळ येते. हात भिंतीकडं जातो.

"भिंतीला धरू नगंस," आजी म्हणतात. मान वर न करता.

तो हात मागं घेतो. पुढं झुकतो. एकदा जमत नाही. पाऊल थोडं जवळ ओढतो, पुन्हा झुकतो आणि उभा राहतो.

आजी सालींची परात त्याच्याकडं सरकवतात. ती टाकायला तो परसात जातो.