दोघींचा तंबू आणि आपले तीन ऋतू

श्रोतेहो, नमस्कार.

फणस फोडायला बसताना आपण आधी हाताला खोबरेल चोळतो, चीक लागू नये म्हणून. काही वर्षांपूर्वी गणपतीच्या तोंडावर मी माळ्यावरून तंबूची पिशवी खाली काढली, गाठ सोडून आत हात घातला, आणि पहिली आठवण झाली ती खोबरेलाची. खालच्या कापडाच्या घड्या एकमेकींना चिकटून एकच गोळा झाला होता. ओढलं की चर्र आवाज यायचा आणि बोटांना आंबूस वासाचं काहीतरी लागायचं. तोवर तो तंबू वापरला होता सगळ्या मिळून अकरा रात्री. विकताना दुकानदार म्हणाला होता, "ताई, थ्री-सीझन आहे, डोळे झाकून घ्या." मी झाकले.

आज बोलणार आहे ते दोन माणसांच्या, पाठीवर टाकून चालता येईल अशा तंबूविषयी. आमच्या घरात तो दोघींचा आहे. मी आणि माझी नणंद. नवऱ्याची धाकटी बहीण, पण मी तिला चिडवायला वन्सं म्हणते आणि ती मला वहिनी. दिवाळीनंतर आम्ही किनाऱ्याने चालायला निघतो. तवसाळहून फेरीबोटीने जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे, नेवरे, आरे-वारे, असं जमेल तेवढं. मुक्काम कधी कुणाच्या पडवीत, कधी तंबूत.

आता हा "थ्री-सीझन" शब्द. तो ज्या देशांतून आला तिथे ऋतू चार. वसंत, उन्हाळा आणि पानगळ हे तीन तंबूने सांभाळायचे. चौथा बर्फाचा, त्यासाठी वेगळा, दणकट तंबू. म्हणजे चिठ्ठीवरच्या शब्दाचा अर्थ इतकाच, की यावर बर्फाचा भार टाकू नका. आपल्याकडे ऋतू तीनच, पण ते तीन हे नव्हेत. कोकणात बर्फाची काळजी कुणाला? आपल्याला छळते ती ओल. थंडीत दव, उन्हाळ्यात घाम, आणि पावसाळ्याचं काय सांगावं, मीठसुद्धा बरणीत पाणी धरतं. म्हणून तंबू बघताना माझा पहिला प्रश्न "पाणी आत येईल का" हा नसतो. हवा कुठून आत येते आणि कुठून बाहेर जाते, हे मी आधी विचारते.

हे मला मालगुंडला कळलं. जानेवारीची रात्र, आभाळ स्वच्छ, चांदणं पडलेलं. पहाटे वन्संनी मला हलवलं. "वहिनी, तंबू गळतोय." कपाळावर थेंब पडत होते खरे. बाहेर डोकावले तर ढगाचा पत्ता नाही. गळत होता तो आमचाच श्वास. निरभ्र रात्री कापड हवेपेक्षा जास्त गार पडतं. त्याच्या बाहेरच्या अंगाला दव बसतं आणि आतल्या अंगाला दोघींच्या श्वासातली वाफ थेंब होऊन बसते. तो तंबू एकाच कापडाचा होता, त्यामुळे ते थेंब सरळ आमच्या अंगावर.

लावणीच्या वेळी डोक्यावर घेतात ते इरलं आठवून बघा. बांबूच्या सांगाड्यामुळे ते पाठीला चिकटत नाही, मधून हवा खेळते. माणूस दिवसभर पावसात वाकलेला असतो, तरी घुसमटत नाही. दुहेरी तंबूचं गणित तेच. आत जाळीचा तंबू, वर पाऊस अडवणारं कापड, आणि मध्ये वीतभर मोकळी जागा. वाफ जाळीतून पार होते, वरच्या कापडाला आतून लागते, थेंब होते आणि जाळीच्या बाहेरून खाली ओघळून जाते. त्या वरच्या कापडाला माथ्याजवळ झरोके हवेतच. गरम दमट हवा वर चढते, तिला कौलांतल्या फटींसारखी वाट हवी असते. एकेरी तंबू वजनाला हलका असतो, हे कबूल. कोरड्या डोंगरात तो चालत असेल. आपल्या किनाऱ्यावर मला तो फुकट दिला तरी नको.

जाळीतही एक पेच आहे. खालपासून वरपर्यंत जाळीच असेल तर मे महिन्यात झकास वाटतं, पण वाऱ्याने उडणारी बारीक वाळू रात्रभर त्यातून झिरपते, आणि सकाळी दातांखाली कचकच. म्हणून खालचा हातभर भाग साध्या कापडाचा आणि वर जाळी, असा तंबू मला जास्त पसंत आहे.

दार कुठे करायचं, तेही शाळेच्या भूगोलात शिकलेलंच आहे. दिवसा समुद्राकडून येतात ते खारे वारे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे जातात ते मतलई वारे. संध्याकाळी आपण हौसेने दार समुद्राकडे करतो, सूर्यास्त दिसावा म्हणून. मग रात्री कधीतरी वारा पाठ फिरवतो आणि तंबूत हवा ठप्प. दोन्ही बाजूंना दारं असतील तर वारा कुठूनही येवो, एका दारातून शिरून दुसऱ्यातून निघतो.

दोन दारांचं आणखी एक कारण सांगते. झोपलेल्या माणसाला ओलांडू नये असं आपल्याकडे म्हणतात. ओलांडलंच तर उलट ओलांडून परत यायचं. एका दाराच्या तंबूत आतल्या कडेला झोपणाऱ्याला रात्री बाहेर जायचं तर दुसरं काय करणार? वन्सं रात्रीतून दोनदा उठतात आणि दोन्ही वेळा नियम पाळून उलट ओलांडतात. म्हणजे माझ्या अंगावरून चार फेऱ्या. तेव्हापासून दोन दारं ही आमची अट झाली. थोडं वजन वाढतं, वाढू दे.

आणि "दोन माणसांचा" म्हणजे किती, तेही मोजून घ्या. झोपायच्या चटया साधारण ५१ सेंटिमीटर रुंद, मोठ्या ६३. दोन माणसांचा तंबू बहुधा १३० सेंटिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे दोन चटया खांद्याला खांदा लावून, बास. काही तंबू पायांकडे निमुळते होतात आणि आकडा छापलेला असतो तो डोक्याकडचा. दुकानात तंबू उभा करायला सांगा आणि दोघांनी आत आडवं होऊन बघा. लोक हसतील. हसू देत.

सामानाला बाहेर जागा लागते. दारापुढे वरच्या कापडाचा जो आडोसा निघतो, त्याला मी तंबूची पडवी म्हणते. चपला, ओली छत्री, पिशव्या सगळं तिथे. पडवीशिवाय कोकणात घर नाही, मग तंबू तरी का असावा? फक्त स्टो आत पेटवू नका. कापड भुरकन पेटतं आणि बंद जागेत धूर जीवघेणा ठरतो.

आता पाण्याचं. चिठ्ठीवर "वॉटर कॉलम ३००० मिलिमीटर" असं काहीतरी असतं. एका गृहस्थांनी मला विचारलं, "रत्नागिरीत वर्षाला तीन हजारांच्या वरच पडतो, मग हा जेमतेमच की!" हिशेब गमतीचा, पण चुकीचा. कापड ताणून त्याच्यावर पाण्याचा उभा स्तंभ चढवत नेतात. पलीकडे थेंब दिसायला लागले की तेव्हाची उंची म्हणजे तो आकडा. तो दाब सांगतो, त्याचा पावसाशी संबंध नाही. पावसाचा थेंब आपटून ओघळतो, म्हणून वरच्या कापडाला दीड हजारही पुरतात. खालच्या कापडावर आपण गुडघे नि कोपरं टेकतो आणि त्याखाली ओली वाळू असते. तिथे मी तीन हजारांच्या पुढचं बघते.

पाणी अडवतो तो कापडावरचा लेप, आणि माझ्या पिशवीतला चीक आला तो तिथूनच. बहुतेक तंबूंना पॉलियुरेथेनचा लेप असतो. स्वस्त पडतो, आणि शिवणींवर कारखान्यातच पट्टी बसवता येते. पण उष्ण दमट हवेत ओलाव्याशी त्याची रासायनिक क्रिया होऊन तो तुटत जातो. आधी चिकट होतो, मग वास मारतो, मग पापुद्रे सुटतात. मी मे महिन्यात तंबू अर्धवट ओला गुंडाळून पिशवीत कोंबला होता, त्यावर अख्खा पावसाळा गेला. दुकानदाराला शिव्या देऊन झाल्यावर माझीही चूक दिसली. सिलिकॉनच्या लेपाला हा रोग लागत नाही, पण तो महाग, आणि त्यावर पट्टी चिकटत नसल्याने शिवणी आपणच सिलिकॉनने बंद करायच्या. आमच्या आताच्या तंबूचं वरचं कापड सिलिकॉनचं आहे, तळाचं पॉलियुरेथेनचं. तळाची काळजी घ्यावी लागते, इतकंच.

कापड नायलॉनचं की पॉलिएस्टरचं? नायलॉन ताकदीला चांगलं, पण भिजलं की सैल पडतं. मध्यरात्री बाहेर येऊन तणावे, म्हणजे तंबूचे दोर, ओढत बसा. उन्हातही ते लवकर विरतं. पॉलिएस्टर ओलं झालं तरी फारसं ताणत नाही आणि ऊन जास्त सोसतं. आपल्यासाठी मी पॉलिएस्टर म्हणेन. रंग फिका घ्या.

खांब अॅल्युमिनियमचे असावेत. फायबरग्लासचे स्वस्त असतात, पण वजनदार, आणि वाऱ्यात उभे चिरतात. वजन म्हणाल तर दीड ते अडीच किलोत चांगला दोघांचा तंबू मिळतो. खांब एकीकडे, कापड दुसरीकडे, असं वाटून घेतलं की पाठीला जाणवत नाही.

खुंट्यांचा किस्सा मात्र मोठा आहे. कोकणात जमीन दोनच प्रकारची, असं मला कधीकधी वाटतं. पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, खुंटी ठोकावी तर ती लोण्यात गेल्यासारखी जाते आणि तशीच बाहेर येते. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ठोकावी तर जांभ्याचा कातळ तिला वाकडी करून परत देतो. म्हणून खुंट्यांवाचून स्वतःच्या खांबांवर उभा राहणाराच तंबू घ्या. पुळणीवर आम्ही कापडी पिशव्या ओल्या वाळूने भरतो, तणावा बांधतो आणि हातभर खोल पुरतो. नारळाचं सोडण आडवं पुरलं तरी काम होतं. सड्यावर आसपास एखादा चिरा पडलेला असतोच, तणावा त्यालाच बांधायचा. तणावा कमी पडला तर सुंभ आहेच, तो प्रत्येक वाडीत मिळतो. आणि जांभा खरखरीत, खालचं कापड फाडतो, म्हणून खाली ताडपत्रीचा तुकडा घाला. तो तंबूपेक्षा चारी बाजूंनी चार बोटं आत कापा. बाहेर राहिला तर पाऊस झेलून तुमच्या पाठीखाली आणून सोडतो.

सड्यावर एक सांभाळा. उक्षी, कशेळी, बारसू इथली कातळशिल्पं आपल्याला माहीत आहेत, पण किती सड्यांवर गवताखाली असं काही दडलेलं असेल. आधी हाताने गवत सारून बघा, मगच तंबू टाका. गावात विचारलं तर आणखी बरं. जागा कुणाची, हे विचारायचंच असतं.

जागेचं थोडक्यात सांगते. माडाखाली तंबू नको. नारळ पडतोच, आणि वाळलेली झावळी पडताना आवाजही करत नाही. सुरूच्या बनात बरं. वेळास, आंजर्ले, गुहागर अशा पुळणींवर हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात आणि पुढे पिल्लं उजेडाच्या रोखाने समुद्राकडे निघतात. तिथे पुळणीवर तंबू आणि विजेरी दोन्ही नकोत. भरतीसाठी आमच्या शेजारच्या तांडेलकाकांचा हिशेब घ्या. तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, तिनाच्या सुमाराला पुरी भरती. दुपारचीही आणि रात्रीचीही. ढोबळ आहे, थोडं इकडेतिकडे धरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी नेहमीच्या रेषेच्या वर चढतं, हे विसरलात तर पाणी स्वतःच आठवण करून देतं.

राहिला पावसाळा. खरं सांगू? जून ते सप्टेंबर मी किनाऱ्यावर तंबू लावत नाही. तंबू मोठा शूर असला तरी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा रायगड-रत्नागिरीत माड नि कौलं उडाली, तिथे दोन किलोचं कापड काय करणार. आमचा मोसम परतीचा पाऊस सरल्यावर सुरू होतो आणि वळवाच्या आधी संपतो. तरी एखादी सर गाठतेच. म्हणून वरचं कापड आधी किंवा दोन्ही एकदम उभं राहील असा तंबू घेतला. आतली जाळी आधी लावून मग वर पांघरायचं असेल, तर ती सर थेट अंथरुणावर.

घरी आलं की पहिलं काम गोड्या पाण्याने धुवायचं. चेनचे सरकते तुकडे नि खांबांचे सांधे खाऱ्याने गंजतात, वाळूने घासतात. मग सावलीत, वारं लागेल असं, पूर्ण वाळेपर्यंत टांगायचा. पूर्ण म्हणजे शिवणीसकट. नंतर घट्ट पिशवीत न कोंबता सुती कापडात सैल ठेवायचा, आणि पावसाळ्यात उघडीप मिळेल तेव्हा बाहेर काढायचा. तांडेलकाका म्हणतात, "होडी नि तंबू, ओला घरात घेतलास की संपला."

परवा श्रावणातलं ऊन पडलं, तेव्हा मी तो पडवीत दांडीवर टाकला होता. वन्सं आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, "वहिनी, पापडांना दाखवलं नसशील इतकं वारं याला दाखवतेस." मी कापडाच्या दोन घड्या एकमेकींवर दाबून सोडल्या. सुटल्या. कोपऱ्यातून आरे-वारेची चिमूटभर वाळू ओटीवर पडली. त्रिपुरी पौर्णिमेनंतर निघायचं ठरलंय. उधाणाचे दिवस असणार, म्हणून वन्सं पंचांग घेऊन पाऊणकीचा हिशेब करत बसल्या आहेत.

नमस्कार.