जून पानावरचे ठिपके

श्रोतेहो, नमस्कार.

शहरातल्या झाडाला जमिनीलगतच्या हवेतला ओझोन वायू बाधतो आहे का, हे पाहायला आधी यंत्र लागत नाही. एक जून पान लागतं. कोवळी पालवी नको. फांदीच्या बुडाकडचं, हंगामभर ऊन खाल्लेलं पान घ्या आणि ओल्या फडक्यानं पुसा. धूळ आणि काजळी निघून जाईल. मग दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगातून पाहा. पानाच्या वरच्या बाजूला, शिरांच्या मधल्या भागात, टाचणीच्या टोकाएवढे तांबूस, जांभळट किंवा काळसर ठिपके असतील, शिरा मात्र हिरव्याच राहिल्या असतील आणि खालची बाजू स्वच्छ असेल, तर ओझोनचा संशय धरा. दोन पानं एकमेकांवर आली असतील, तर खालच्या पानाचा झाकलेला भाग बहुधा साफ असतो. ही खूण फार उपयोगी आहे.

फसगत इथेच होते. लाल कोळी ही बारीक कीडसुद्धा पान ठिपकेदार करते, पण तिची जाळी आणि अंडी पानाखाली दिसतात. तांबेरा या बुरशीची भुकटी बोटाला लागते. अन्नद्रव्य कमी पडलं, तर पान बहुधा ठिपक्याठिपक्यानं नाही, सलग पिवळं पडत जातं. पान पिवळं दिसलं की युरिया ओतायचा, ही सवय घातक आहे. ओझोननं दमलेल्या झाडाला नत्राचा मारा केला, की कोवळी पालवी फुटते आणि मुळांच्या वाट्याची साखर तिकडे जाते. मुळं तर आधीच उपाशी असतात.

ती उपाशी का, ते पाहू. ओझोन कोणत्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. वाहनांचे नायट्रोजन ऑक्साइड आणि पेट्रोल, रंग, थिनर यांची बाष्पं उन्हात एकत्र आली की तो तयार होतो. म्हणून तो दुपारी चढतो. पानात शिरतो पर्णरंध्रांतून, म्हणजे झाड श्वासासाठी उघडतं त्याच दारातून. पेशींच्या भोवतीच्या ओलाव्यात क जीवनसत्त्व असतं, ते त्याला आधी अडवतं. तो साठा अपुरा पडला की पेशीचं आवरण फाटतं. मेलेल्या पेशींचा पुंजका म्हणजे आपण पाहिलेला ठिपका. उरलेलं पान डागडुजीत साखर खर्च करतं, लवकर म्हातारं होतं आणि गळतं. मुळांकडे जाणारा पुरवठा आटतो. पुढच्या उन्हाळ्यात झाड सुकलं, वादळात कलंडलं, की दोष पाण्याला किंवा वाऱ्याला जातो. काही जाती तर ठिपके न दाखवताच खुरटतात.

झाडाला किती ओझोन सोसावा लागला, हे मोजायला आकडेमोड आहे. युरोपात झाडांसाठी दर अब्जामागे ४० भाग ही रेषा धरतात आणि वाढीच्या हंगामात, दिवसाउजेडी, तिच्यावरचा ओझोन तासागणिक जमा करतात. बेरीज ५,००० झाली की वनवृक्षांच्या वाढीला धोका मानतात. समजा रोज ५ तास पातळी ६० राहिली. रोजचे जास्तीचे २० गुणिले ५, म्हणजे १००. पन्नास दिवसांत मर्यादा भरली. जागतिक आरोग्य संघटनेनं माणसांसाठी सुचवलेली आठ तासांची सरासरी दर घनमीटर १०० मायक्रोग्रॅम आहे, साधारण ५० भाग. म्हणजे आपल्याला चालणारी हवासुद्धा झाडाच्या खात्यात जमा होत राहते.

एक उलटी वाटणारी गोष्ट. भर रहदारीत वाहनांतून नुकताच निघालेला नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो. वाऱ्याच्या दिशेला, उपनगरात आणि गावाकडे तो जास्त साचतो. न्यूयॉर्क आणि भोवतालच्या ग्रामीण भागात एकाच जातीची पॉप्लरची रोपं लावून पाहिली, तेव्हा शहरातली रोपं दुप्पट वाढली. हा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. शहराबाहेरच्या हिरव्या उद्यानातलं झाड सुरक्षितच, असं म्हणूनच धरू नका.

आता पाण्याचं त्रांगडं. पाणी दिलं की रंध्रं उघडी राहतात आणि ओझोन जास्त आत जातो. पाणी तोडलं की रंध्रं मिटतात, पण झाडाचं अन्नही बंद होतं. आमचं मत स्पष्ट आहे: पाणी तोडू नका. तहानेनं मरणारं झाड ओझोनपासून वाचवून काय करायचं? आळं खोडापाशी नको, फांद्यांच्या घेराखाली करा. थोडं थोडं रोज देण्यापेक्षा खोलवर मुरेल असं, अंतरानं द्या. पालापाचोळ्याचं ५ ते १० सेंटिमीटर आच्छादन घाला, खोडापासून वीतभर दूर. जून पानांवर आधीच ताण असताना मोठी छाटणी टाळा. बागेतलं पेट्रोलवर चालणारं यंत्र आणि रंगकाम दुपारऐवजी संध्याकाळी काढा.

नवी लागवड करताना जात पाहा. निलगिरी, पॉप्लर, विलो आणि बरेचसे ओक उन्हात आयसोप्रीन नावाचं बाष्प भरपूर सोडतात. वाहनांच्या धुरात ते मिसळलं की ओझोनला खतपाणी मिळतं. वाहता रस्ता असेल तिथे अशा एकाच जातीची रांगच्या रांग लावू नका.

नोंदीसाठी एका झाडाच्या तीन फांद्यांना दोरा बांधा. दर पंधरा दिवसांनी त्याच जून पानांच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा आणि त्या दिवसांतलं ऊन-पाऊस शेजारी लिहा. कोरड्या, निवांत, कडक उन्हाच्या आठवड्यांनंतर नवे ठिपके आले आणि ढगाळ दिवसांत थांबले, आणि पानाखाली कीडही नसेल, तर कीटकनाशकाची फवारणी करण्याचं कारण उरत नाही.